नानांचं तळं, 'घाशीराम' आणि आपली पोरं

मंडळी, पोस्ट मोठी आहे, आधीच सांगून ठेवतो. पण विषय आपल्या खोपोलीच्या तळ्यापासून सुरू होतो आणि आपल्याच कॉलेजांपाशी येऊन थांबतो, म्हणून सवडीने का होईना, पूर्ण वाचा.

खोपोलीचं वीरेश्वराचं देऊळ आणि त्यासमोरचं तळं आपल्याला रोजचं आहे. कुणी सकाळी फेरी मारायला जातं, कुणी संध्याकाळी पोरांना घेऊन बसतं, महाशिवरात्रीला पाय ठेवायला जागा नसते. हे देऊळ आणि हे तळं बांधलं नाना फडणवीसांनी. पेशवाईचे कारभारी नाना, मूळ नाव बाळाजी जनार्दन भानू, जन्म १७४२, मृत्यू १८००. बोरघाटाच्या पायथ्याशी, चढण सुरू होण्याआधी, माणसाला आणि जनावराला पाणी मिळावं अशी ती जागा आहे. सव्वादोनशे वर्षं उलटून गेली, दगडी पायऱ्या अजून शाबूत आहेत. नाना किती दूरदृष्टीचे होते हे सांगायला आपल्याला वेगळं पुस्तक लागत नाही.

आणि याच नानांना रंगमंचावर बायकांच्या मागे लागलेला, धूर्त, नाचणारा म्हातारा म्हणून उभं करणारं एक मराठी नाटक आहे. विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल'. पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२, पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात. ते ज्यांनी उभं केलं त्यातले बरेचसे नुकतेच कॉलेजातून बाहेर पडलेले होते, काही अजून शिकत होते. आज मला त्या पोरांबद्दल लिहायचंय. कारण त्यांनी पुढच्या सात-आठ वर्षांत जे केलं, त्यातून आपल्या कर्जत-खालापूरच्या मुलांसाठी काही शिकण्यासारखं आहे, आणि आपल्यासारख्या मोठ्या माणसांसाठी तर जास्तच आहे.

आधी थोडं मागे जाऊ.

मराठी नाटकाची सुरुवात आपण ५ नोव्हेंबर १८४३ ला धरतो. सांगलीला विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केलं तो दिवस. पुढे १८५३ साली भाव्यांची मंडळी मुंबईला गेली आणि ग्रँट रोडच्या थिएटरात त्यांचे तिकीट लावून खेळ झाले. तेव्हा बोरघाटात रेल्वे नव्हती. मुंबईकडून रूळ खोपोलीपर्यंत आले १८५६ मध्ये. वरच्या बाजूने खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली १८५८ मध्ये. मधला घाट? तो पालखीने, तट्टावर नाहीतर पायी. म्हणजे काही वर्षं आपलं खोपोली हे मुंबईच्या रेल्वेचं शेवटचं स्टेशन होतं आणि देशावर जाणारा प्रत्येक माणूस इथे उतरून वर चढत होता. १८६३ साली घाटातला लोहमार्ग पुरा झाला, तो कर्जतवरून गेला, आणि खोपोली फाट्यावर राहिली.

हा रूळ मराठी नाटकाच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे. नाटक कंपनी म्हणजे माणसं, पेट्या, पडदे, तबला-पेटी, स्वयंपाकी, सगळं बिऱ्हाड. अण्णासाहेब किर्लोस्कर शिकायला म्हणून पुण्याला आले आणि नाटकाच्या नादाला लागले. त्यांनी ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात 'संगीत शाकुंतल'चे पहिले चार अंक केले. तिथून संगीत नाटकाचं युग सुरू झालं. पुणे-मुंबई करणाऱ्या कंपन्या त्यानंतर याच घाटातून, कर्जत स्टेशनावरून जात-येत राहिल्या. घाट चढायला गाडीला मागून जादा इंजिन लावायचं ते कर्जतलाच, आजही तेच. म्हणजे मराठी नाटक आपल्या दारावरून गेलंय, पिढ्यान्‌पिढ्या. इथे थांबलं किती, हा वेगळा प्रश्न. त्याकडे येतो.

आता विद्यार्थ्यांकडे.

१९५१ साली पुण्यात भालबा केळकर, श्रीराम लागू आणि त्यांच्या मित्रांनी प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन काढली, लोक तिला पीडीए म्हणत. लागू तेव्हा बी.जे. मेडिकलचे. कॉलेजात नाटक करणाऱ्या पोरांना कॉलेज संपल्यावर जायला जागा हवी, ती या संस्थेने दिली. १९६३ पासून महाराष्ट्रीय कलोपासकने पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा सुरू केली. रंगमंचावर विद्यार्थी, पडद्यामागे विद्यार्थी, आणि समोर आरडाओरडा करणारेही विद्यार्थीच. भपकेदार सेटपेक्षा संहिता आणि अभिनय बघायचा, अशी त्या स्पर्धेची शिस्त. "अरे आव्वाज कुणाचा" ही आरोळी ज्याने भरत नाट्यमध्ये ऐकलीय त्याला ती आयुष्यभर पुरते.

या हवेत एक अख्खी पिढी तयार झाली. जब्बार पटेल, बी.जे.चे, पुढे मुलांचे डॉक्टर. मोहन आगाशे, बी.जे.चेच, पुढे मानसोपचारतज्ज्ञ. सतीश आळेकर, बायोकेमिस्ट्री शिकलेले. कॉलेजच्या नाटकातलं त्यांचं काम भालबांनी बघितलं आणि पोरगा बरा आहे म्हणून त्यांना पीडीएत बोलावून घेतलं. आळेकरांनी 'झुलता पूल' ही एकांकिका लिहिली १९६९ मध्ये. लक्षात घ्या, कुणीही पोटापाण्यासाठी नाटक करत नव्हतं. दिवसा वॉर्ड, प्रयोगशाळा, परीक्षा. संध्याकाळी तालीम.

आणि मग तेंडुलकरांनी 'घाशीराम' लिहिलं.

खरा घाशीराम सावळदास पुण्याचा कोतवाल होता. १७९१ साली त्याच्या कोठडीत कोंडलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, गाव खवळलं आणि लोकांनी घाशीरामला दगडांनी ठेचून मारलं. इथपर्यंत इतिहास. मोरोबा कान्होबा यांनी त्याच्यावर मराठीत पुस्तकही लिहिलं होतं, ते छापलं गेलं १८६३ साली. म्हणजे घाटातली रेल्वे आणि घाशीरामचं पहिलं पुस्तक एकाच वर्षीचं. तेंडुलकरांनी त्यातून वेगळीच गोष्ट काढली. सत्ता स्वतःच्या सोयीसाठी एक गुंड तयार करते, त्याला मोकळं सोडते आणि गरज संपली की त्यालाच जमावाच्या हवाली करून नामानिराळी होते. हे ऐतिहासिक नाटक नाही असं तेंडुलकरांनी स्वतःच स्पष्ट केलं होतं. नाना आणि घाशीराम ही त्यांच्यासाठी फक्त खुंटी होती.

पण नाटक दिसायचं कसं? कीर्तन, तमाशा, दशावतार, कोकणातले खेळे, सगळं त्यात आलं होतं. ब्राह्मणांची एक रांग गात-डोलत उभी राहायची, तीच पडदा, तीच भिंत, तीच गर्दी. रांग फुटली की पलीकडचं दिसायचं, मिटली की गुन्हा झाकला जायचा. भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, नाना झाले मोहन आगाशे आणि घाशीराम रमेश टिळेकर. सेटवर पैसा नाही, माणसांच्या अंगावर सगळी मदार. हौशी पोरांकडे पैसा नसतो पण माणसं मुबलक असतात. त्याच गोष्टीचं त्यांनी सोनं केलं.

गदारोळ झाला. नानांची बदनामी, ब्राह्मणांची बदनामी, इतिहासाचं विकृतीकरण. १९ प्रयोगांनंतर पीडीएच्या ज्येष्ठांनी नाटक बंद केलं.

इथे जरा थांबा. ज्येष्ठांना खलनायक ठरवणं सोपं आहे, पण तसं करू नका. ज्या संस्थेने या पोरांना हात धरून रंगमंचावर आणलं तीच ही संस्था. त्यांना संस्था टिकवायची होती, गावात राहायचं होतं. आणि आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणंही अगदीच पोकळ नव्हतं. नाना ही कल्पित व्यक्ती नाही. पानिपतातून जगून वाचलेला, बारभाईंच्या कारस्थानातून पेशवाई सावरणारा, खोपोलीत तळं बांधणारा खरा माणूस. नाव खरं घ्यायचं आणि मग "हा इतिहास नाही" म्हणायचं, हे ज्यांना पटलं नाही त्यांना आपण वेडं म्हणू शकत नाही.

प्रश्न एवढाच होता की पटलं नाही म्हणून काय करायचं. बोलायचं, लिहायचं, भांडायचं की बंद पाडायचं?

पोरांनी काय केलं ते बघा. संस्थेला शिव्या देत बसले नाहीत. बाहेर पडले. २७ मार्च १९७३ ला, जागतिक रंगभूमी दिनाला, थिएटर अकॅडमी नावाची स्वतःची संस्था काढली. जानेवारी १९७४ मध्ये 'घाशीराम' पुन्हा उभं राहिलं. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला आळेकरांचं 'महानिर्वाण' आलं. मेलेला माणूस स्वतःच्याच मरणाचं कीर्तन करतो, असलं अचाट नाटक. १९७८ मध्ये पु. ल. देशपांड्यांनी ब्रेख्टच्या जर्मन संगीतिकेवरून केलेला 'तीन पैशाचा तमाशा', त्यात नंदू भेंडेंचं रॉक आणि मराठी तमाशा एकाच रंगमंचावर. १९७९ मध्ये 'बेगम बर्वे'. संगीत नाटकात दुय्यम स्त्रीभूमिका करणाऱ्या एका नटाची केविलवाणी स्वप्नं, आणि त्याला नाट्यपदांची साथ. म्हणजे किर्लोस्करांपासून सुरू झालेली गोष्ट शंभर वर्षांनी याच पोरांनी उलटून बघितली. १९८० मध्ये 'घाशीराम' युरोपच्या दौऱ्यावर गेलं. त्याआधी पुन्हा वाद, प्रकरण कोर्टात, आणि शेवटी तोडगा निघाला की नाना फडणवीस हे प्रत्यक्षात थोर मुत्सद्दी होते असं निवेदन प्रयोगाआधी करायचं.

मला तो तोडगा फार आवडतो, खरंच. नानांचा मानही राहिला, नाटकही राहिलं. वीरेश्वराचं तळंही खरं आणि 'घाशीराम'ही खरं. एकाच गावात दोन्हीला जागा असू शकते. इंग्रजांना हे जमलं नव्हतं. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'त त्यांना लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१० मध्ये त्यांनी नाटकावर बंदी घातली. सरकार परकं होतं, घाबरलेलं होतं. आपण कुणाला घाबरतो?

आणखी एक धागा, खास आपल्या भागाचा. जब्बार पटेल आणि मोहन आगाशे हीच जोडी १९७७ मध्ये 'जैत रे जैत' घेऊन आली. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा सिनेमा, कर्नाळ्याच्या पायथ्याच्या ठाकरांची गोष्ट. आगाशे झाले नाग्या, स्मिता पाटील झाली चिंधी, महानोरांची गाणी, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. जवळजवळ अख्खा सिनेमा गाण्यांतून सांगितलेला. ठाकर समाज आपल्या दोन्ही तालुक्यांत वाडी-वाडीवर आहे. ढोलनाच आणि कांबडनाच आपल्या डोळ्यांसमोरचे. त्यांची गोष्ट संगीतातून सांगता येते हे पुण्याच्या कॉलेजातून आलेल्या नाटकवाल्यांना कळलं. आपल्या कॉलेजच्या गॅदरिंगला मात्र पोरं सिनेमाच्या गाण्यावर नाचतात, आणि त्याच वर्गात बसलेल्या ठाकरवाडीच्या मुलाला ढोल वाजवता येतो हे कुणाला ठाऊकही नसतं.

आता आपल्याकडे येऊ.

आपली कॉलेजं मुंबई विद्यापीठात. युवा महोत्सव असतो, एकांकिका असतात. पनवेलला वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह आहे, तिथे अटल करंडक रंगतो. आपली पोरं जातात, कधी बक्षीसही आणतात. पण त्यांची तालीम कशी होते ते एकदा जाऊन बघा. कॉलेजच्या जिन्याखाली, कुणाच्या गच्चीवर, पावसाळ्यात पार्किंगच्या शेडमध्ये. चांगली शिकवणारी माणसं मुंबईत, म्हणून शनिवार-रविवार दादर गाठायचं आणि शेवटच्या कर्जत लोकलच्या भीतीने तालीम अर्धी सोडून धावायचं. मुलींना तर घरून तेवढीही मुभा नसते. 'नाटकात कोण काम करतं ते माहितेय आम्हाला' हे वाक्य २०२०च्या दशकात अजून ऐकू येतं.

गेल्या हिवाळ्यात आपल्याच पट्ट्यातल्या एका कॉलेजच्या पोरांनी मला तालमीला बोलावलं होतं. नाव घेत नाही, पोरांना त्रास नको. एकांकिका त्यांनी स्वतः लिहिली होती. एका शेतकऱ्याची जमीन फार्महाऊसला जाते, आणि तोच शेतकरी त्याच जागेवर वॉचमन म्हणून उभा राहतो. त्यात एक सरपंच होता, सौदा जमवून देणारा. प्रयोगाला दोन दिवस उरले असताना वरून निरोप आला, सरपंच काढा. का? कुणाला तरी लागेल. पोरांनी रातोरात सरपंचाचा दलाल केला. प्रयोग झाला, टाळ्या पडल्या. पण ती मूळ ठिणगी गेली होती. दलाल वाईट असतो हे सगळ्यांना माहीतच असतं, त्यात कुणाला काय लागणार?

नंतर लिहिणाऱ्या मुलीला मी विचारलं, पुढचं काय लिहितेस? म्हणाली, "सर, कॉमेडी करतोय. तिला परवानगी लागत नाही."

हे ऐकून मला राग नाही आला, भीती वाटली. तिच्या जागी आळेकर असते तर?

कारण आपल्याकडे नाटकाला विषय कमी आहेत का? वीर भाई कोतवाल घ्या. १ डिसेंबर १९१२ ला माथेरानला जन्म, नाभिक कुटुंब, वकिलीपर्यंत शिक्षण. ४२ च्या चळवळीत आझाद दस्ता उभा केला, मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर हिराजी पाटलांसोबत हौतात्म्य. दर वर्षी आपण तिथे जातो, हार घालतो, भाषणं ऐकतो. त्यांच्यावर सिनेमा आलाय. पण आपल्याच कॉलेजच्या पोरांनी भाईंवर नाटक केलं तर त्यात नुसती घोषणा नको. जंगलात उपाशी बसलेला, शंका येणारा, घरच्यांची आठवण येणारा भाई दाखवायला हवा. फितुरी झाली होती, तीही दाखवायला हवी. तेव्हा आपण काय करणार? "आमच्या भाईंना असं का दाखवलं" म्हणून कॉलेजच्या गेटवर जाणार, की समोर बसून बघणार?

खोपोलीची वीज घ्या. टाटांनी घाटावर पाणी अडवलं, नळांतून खाली सोडलं आणि १९१५ मध्ये मुंबईला वीज दिली. वरची गावं, खालचा कारखाना, नंतर आलेले कामगार. अख्खी संगीतिका आहे त्यात. नाही म्हणायला आपल्या हद्दीत चौकजवळ सिनेमासाठी अख्खे किल्ले आणि राजवाडे उभे राहिले. इथली कितीतरी माणसं तिथे सुतारकाम-रंगकामाला लागली. खोटे किल्ले बांधायला जागा होती. खऱ्या पोरांना तालमीला चाळीस बाय तीसची खोली मिळत नाही.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात, नगरपालिकावाल्यांनी आणि कॉलेजवाल्यांनी दोघांनीही वाचावं.

पहिलं. मोठं नाट्यगृह होईल तेव्हा होईल, त्याचे नारळ फुटत राहोत. आज एक तालमीची खोली द्या. कर्जतला एक, खोपोलीत एक. पंखे, दिवे, बायकांसाठी स्वच्छ संडास, रात्री दहापर्यंत उघडी. पालिकेच्या बंद पडलेल्या शाळाखोल्या चालतील.

दुसरं. दिवाळीनंतर शिमग्यापर्यंतचा एक नाट्यहंगाम दोन्ही तालुक्यांनी मिळून ठरवावा. प्रत्येक कॉलेजचं एक नाटक, त्यात निदान एक संगीत नाटक नाहीतर लोककलेतून उभं केलेलं. एकाच रात्रीचा करंडक नको, तेच नाटक चार गावांत फिरू दे. गावच्या जत्रेत, सप्त्याच्या मांडवात. 'घाशीराम' एकोणीस प्रयोगांनंतर मरू दिलं नाही म्हणून ते नाटक झालं, नाहीतर पुण्यातली एक भांडणाची आठवण राहिली असती. प्रयोगावर प्रयोग करूनच नाटक घडतं.

तिसरं. संहिता वाचा, जरूर वाचा. कायद्याला धरून काही अडत असेल तर लेखी सांगा. पण 'कुणाला तरी लागेल' हे कारण नाही. लागणाऱ्याने प्रयोगाला यावं, नंतर अर्धा तास चर्चा ठेवा, त्याने माइक घ्यावा आणि पोरांनी उत्तर द्यावं. हवं तर निवेदन करा की यातला सरपंच कुठल्याही खऱ्या सरपंचाबद्दल नाही. नानांना जे चाललं ते आपल्या सरपंचाला चालायला हरकत नसावी.

चौथं, आई-बापांना. पोरगी तालमीला गेली म्हणजे वाया गेली असं नाही. वर ज्यांची नावं घेतली त्यांच्यातले किती डॉक्टर होते ते पुन्हा मोजा.

येत्या पालिका सभेत तालमीच्या खोलीचा विषय घ्यावा म्हणून आम्ही काही जण अर्ज देतोय, सह्या गोळा करायच्या आहेत. रविवारी सकाळी नऊ वाजता वीरेश्वराच्या तळ्यापाशी भेटू. तुमच्याकडे गावच्या जुन्या नाटकांच्या जाहिराती, फोटो, कामगार नाट्यस्पर्धेतले कागद असतील तर तेही घेऊन या. आणि येताना कॉलेजात शिकणारं एक तरी पोर सोबत आणा. सही त्याचीच आधी घेऊ.